प्रसाद मला का दिला नाही?

प्रश्न : वसईला शेजारणीच्या मुलीच्या फर्स्ट कम्युनियनला चर्चमध्ये गेले होते. ‘शेवटी प्रसाद असतो’ एवढंच तिने सांगितलं होतं. सगळे रांगेत उभे राहिले, म्हणून मीही राहिले. फादरनी हळूच विचारलं, “कॅथलिक आहात का?” नाही म्हटल्यावर डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला आणि पुढे जायला सांगितलं. आपल्या देवळात प्रसाद कोणाला नाकारत नाहीत. फार लागलं मनाला. आणखी एक, मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) चालू असताना काही आज्या खुशाल माळ ओढत होत्या. त्यांचं लक्ष नव्हतं का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, तुम्हाला वाईट वाटणं अगदी साहजिक आहे, आणि तुमचं काहीच चुकलं नाही. चुकलं ते ‘प्रसाद’ या शब्दामुळे. आमच्या घरच्या लग्नाला येणाऱ्या हिंदू पाहुण्यांना मी हे आदल्या दिवशीच समजावून सांगते.

फादर वेदीवर ज्या भाकरीवर प्रार्थना म्हणतात, ती त्यानंतर ख्रिस्ताचं शरीर होते, अशी आमची श्रद्धा आहे. ‘आमेन’ म्हणून ती घेणं म्हणजे ही श्रद्धा मला मान्य आहे, असं सर्वांसमोर कबूल करणं. आमची स्वतःची मुलंसुद्धा सात-आठ वर्षांची होईपर्यंत ती घेत नाहीत; पहिल्यांदा घेतात तोच फर्स्ट कम्युनियन. मी 27 वर्षं त्यांचे धर्मशिक्षणाचे वर्ग घेतले. डावा तळहात वर, उजवा त्याच्या खाली. उजव्या हाताने उचलून तिथेच तोंडात घालायची, मुठीत धरून बाकावर न्यायची नाही. एवढं शिकवायला मला चार-चार रविवार लागायचे. मोठ्यांनीही त्याआधी निदान तासभर काही खायचं नसतं. तुम्ही नीट पाहिलं असतं तर काही कॅथलिकही बाकावर बसून राहिलेले दिसले असते. मनाची तयारी नसेल तर आम्हीही जात नाही.

पुढच्या वेळी बसून राहिलात तरी कोणी काही म्हणणार नाही. रांगेत जावंसं वाटलं तर दोन्ही हात छातीवर आडवे ठेवा, म्हणजे फादर न विचारताच आशीर्वाद देतील.

आता आज्यांचं. माझी आजी लाल लुगडं नेसून पहाटेच्या मिस्सेला जायची. तेव्हा मिस्सा लॅटिनमध्ये व्हायची. तिला त्यातलं अक्षर कळत नसे, म्हणून ती आपली रोझरी, म्हणजे माळेच्या मण्यांवर मोजत म्हणायची प्रार्थना, म्हणायची. मणी पुढे सरकवता सरकवता तिच्या अंगठ्याचं टोक गुळगुळीत झालं होतं. 1962 ते 65 या काळात व्हॅटिकनची दुसरी महासभा, म्हणजे जगभरच्या बिशपांची सभा, भरली, तिने लोकांच्या भाषेला वाव दिला आणि त्यानंतर मिस्सा मराठीत आली. तरी आजीची माळ काही सुटली नाही. वेदीवर त्या भाकरीच्या प्रार्थनेची घंटा वाजली की मात्र तिचा अंगठा थांबायचा आणि मान खाली जायची. तुम्ही पाहिलेल्या आज्यांनी ती सवय आपल्या आयांकडून उचललेली असणार. लक्ष नाही असं म्हणू नका, ताई.

एकमेकांना शांती देताना सगळ्यांनी वळून नमस्कार केला असेल, तोही तुम्ही पाहिला असेल. हात जोडून शांती देण्याची ही रीत भारतातल्या चर्चला 1969 साली रोमकडून मंजूर झाली. तो नमस्कार तुमच्यासाठीही होता. तुमच्या बाकावरच्या बाईने तुमच्याकडे वळून हात जोडले होते ना?