भारतीय पासपोर्ट कमजोर म्हणतात, मग लातूरहून व्हिसाशिवाय कोणता वेगळा देश बघता येईल?

कझाकस्तान. नेपाळ-भूतान, थायलंड सगळ्यांना ठाऊक आहेत. पण भारतीयांना कझाकस्तानात एका वेळी 14 दिवस व्हिसा लागत नाही, हे आपल्याकडं फार कमी जणांना माहीत असतं. दिल्लीहून तिथल्या अल्माटी शहराला थेट विमान आहे, साधारण साडेतीन तासांत पोचतं. लातूर-मुंबई रेल्वेप्रवास याहून कितीतरी लांबचा!

पासपोर्टची ताकद मोजणारी यादी फक्त किती देश आधी व्हिसा न काढता आत घेतात एवढंच सांगते, त्यामुळं क्रमांक बघून खचू नका. अल्माटीच्या ‘ग्रीन बझार’ या बाजारात सफरचंदांच्या राशी बघा. आज आपण खातो त्या सफरचंदाचा रानटी पूर्वज अल्माटीजवळच्या डोंगरांतलाच. शाकाहारी असाल तर मात्र दशम्या, शेंगदाण्याची चटणी सोबत घ्याच. तिथं जेवणात मांसच जास्त.

व्हिसा नाही म्हणजे कागद नाहीत असं समजू नका. परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग छापून हातात ठेवा, पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त हवी. सोबत येणारे वडील दहावी पास नसतील तर त्यांच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ (परदेशी नोकरीला जाण्याआधी सरकारी परवानगी हवी, अशी नोंद) असू शकतं. ते नोकरीसाठी जाणाऱ्यांकरता असतं, फिरायला जाताना त्याची अडचण नाही.