कोकणातलं जुनं घर वादळ-पावसासाठी कसं तयार ठेवावं?

तुम्ही विचारलंय की श्रीवर्धनकडे जुनं घर आहे, वादळं वाढलीत, पाऊस कधीही कोसळतो, तर आधी काय करून घ्यावं?

आधी छप्पर. ३ जून २०२० ला 'निसर्ग' चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ धडकलं, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० किलोमीटरच्या आसपास होता. त्या दुपारी आमच्या पडवीचे पत्रे उडाले, माजघरावरचे राहिले. पडवीचे स्क्रू गंजलेले आणि वॉशर फुटलेले होते, फरक तेवढाच. वारा कडेखालून शिरतो आणि पत्रा वर उचलतो. म्हणून कडेच्या ओळीत स्क्रू कमी अंतरावर मारून घ्या आणि वासे भिंतीला लोखंडी पट्टीने बांधा. दर मे महिन्यात माणूस वर चढवून एकेक स्क्रू हलवून बघायला लावा. हे काम जूनवर ढकलू नका, मग माणूस मिळत नाही.

घरावर झुकलेला माड उतरवा. जीव तुटतो, मला माहीत आहे, तरी उतरवा.

पाण्याचं म्हणाल तर पावसाच्या इशाऱ्याबरोबर भरतीची वेळही बघत जा. भरतीला खाडीचं पाणी ओसरत नाही, पऱ्ह्या, म्हणजे ओढा, मागे फुगतो. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा अतिवृष्टीच्या जोडीला भरतीही होती. चोवीस तासांत २०४.४ मिलिमीटरच्या वर पावसाचा अंदाज आला, की कागदपत्रं, औषधं, इन्व्हर्टर माळ्यावर. विजांच्या इशाऱ्यासाठी मोबाइलवर 'दामिनी' ॲप ठेवा.

घरात वयस्कर माणसं असतील तर त्यांना उजेड असतानाच हलवा.