पर्यावरणाची पदवी आणि घरचा हिशेब

प्रश्न : मुलगी बी.एससी. झाली, विषय वनस्पतिशास्त्र. पुण्यात खासगी विद्यापीठात पर्यावरण व्यवस्थापन आणि धोरण या विषयात दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी करायची म्हणते. सगळा खर्च ८ लाख. कलमांची बाग तारण ठेवू का? – एक पालक, पावस

उत्तर : बाग तारण ठेवू नका. शैक्षणिक कर्ज ७.५ लाखांच्या आत असलं तर बँका सहसा मालमत्ता तारण मागत नाहीत. वरचे ५० हजार घरातून उभे करा. आता हप्ता बघा. कर्ज दोन वर्षांत निम्मं-निम्मं उचललं, दोन वर्षं शिक्षणाची, पुढे एक वर्ष हप्ता न भरण्याच्या सवलतीचं आणि सरळव्याज १० टक्के धरलं, तर हप्ते सुरू होईपर्यंत कर्ज साधारण ९.३७ लाखांवर गेलेलं असतं. १० वर्षांत फेडायचं तर महिन्याला सुमारे १२,४०० रुपये. पहिला पगार २५ हजार मिळाला आणि पुण्यात खोलीचं भाडं भरायचं असलं, तर हातात काय उरेल ते मुलीला शेजारी बसवून कागदावर मांडा. तिच्यापासून काही लपवू नका.

पदवी वाया जाते असं मी म्हणत नाही. या क्षेत्रात पैसा मिळतो तो कायद्याने सक्तीच्या केलेल्या कामाला. २००६ च्या अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते. त्यासाठीचा परिणाम मूल्यांकन अहवाल, म्हणजे प्रकल्पाने पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा अहवाल, ‘नॅबेट’ या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या सल्लागारांनीच करायचा असतो. हवा, पाणी, जैवविविधता अशा १२ विषयांचे तज्ज्ञ त्यात लागतात, आणि त्यांचा मूळ विषय व अनुभव तपासला जातो. म्हणजे तुमच्या मुलीचं खरं भांडवल वनस्पतिशास्त्रच आहे. खाडीवर उभं राहून कांदळवनातलं तिवर कुठलं नि चिप्पी कुठली हे तिला सांगता येत असेल, तर त्यावर धोरणाचं शिक्षण शोभेल. नुसत्या धोरणाच्या पदवीवर मात्र हा हप्ता फिटणं अवघड आहे.

विद्यापीठाला एवढंच विचारा : मागच्या तीन तुकड्यांतली किती मुलं कुठे लागली? उत्तर लेखी मागा.

प्रश्न : लोट्याला एका कारखान्याच्या सांडपाणी प्रक्रिया विभागात ४ वर्षं केमिस्ट आहे. नोकरी सोडून ही पदवी करू का? – एक वाचक, खेड

उत्तर : सोडू नका. तुमच्या हातातलं काम बाजारात विकलं जातं. नमुना बर्फाच्या पेटीत ठेवणं, बाटलीवर वेळ लिहिणं, बी.ओ.डी.साठी, म्हणजे पाण्यातली घाण कुजायला किती ऑक्सिजन लागतो ते मोजायला, २७ अंशांवर ३ दिवस थांबणं तुम्ही रोज करता. कागदाची बाजू मात्र कुणीतरी दुसरा सांभाळत असेल. ती मागून घ्या. ३० जूनपर्यंत प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे घातक कचऱ्याचं विवरण जातं, ३० सप्टेंबरपर्यंत पर्यावरण विवरणपत्र जातं, आणि कारखाना चालवायला लागणाऱ्या मंडळाच्या संमतीची कागदपत्रं असतात. ही तिन्ही कामं एक वर्ष स्वतः करा. मग नोकरी सांभाळून दूरस्थ पदवी घ्या. तेव्हा ती बढतीला उपयोगी पडेल.

प्रश्न : प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परीक्षेला ही पदवी चालते का? – एक विद्यार्थी, अलिबाग

उत्तर : जुन्या जाहिरातीतली पात्रतेची ओळ अक्षर न् अक्षर वाचा. पदवीचं नाव त्यात बसत नसेल तर प्रवेशाआधीच विद्यापीठाकडे समकक्षतेचं पत्र मागा.

प्रश्न : मला गाव सोडायचं नाही. इथे राहून या शिक्षणावर पोट भरेल? – एक विद्यार्थिनी, वेंगुर्ले

उत्तर : बाळा, महिन्याच्या पगाराच्या जागा तुझ्याकडे मोजक्याच आहेत, हे आधीच सांगते. पण काम आहे. तुझ्याच मांडवी खाडीत महिला बचत गट होडीतून कांदळवन दाखवतो. तिकडे रत्नागिरीतल्या वेळासला कासवांच्या हंगामात घरोघरी पाहुणे उतरतात. माहिती सांगणारं, हिशेब ठेवणारं, प्रस्ताव लिहिणारं माणूस अशा ठिकाणी लागतं.

आणखी एक. मोठ्या प्रकल्पाच्या जनसुनावणीसाठी परिणाम मूल्यांकन अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही द्यावा लागतो. अशा एका सुनावणीत मी बसले होते. भरती-ओहोटीच्या पट्ट्याला सारांशात ‘लाटांची जागा’ लिहिलं होतं. मागच्या रांगेतून एका बाईने विचारलं, “आमी कालवं काढतो ती जागा ह्यात येते काय?” मंचावरच्या कुणालाही सांगता येईना. तिला तिथल्या तिथे नीट उत्तर मिळायला हवं होतं, आणि ते देणारी मुलगी तुझ्यासारखीच असेल.

पण मोठं कर्ज काढून हे करू नकोस. फी कमी असलेलं सरकारी किंवा अनुदानित महाविद्यालय शोध, आणि त्याआधी एक हंगाम त्या बचत गटाबरोबर होडीत काढ.