पॅरिसच्या पँथिऑनला खिडक्या का नाहीत आणि वर क्रूस का आहे

पॅरिसचं पँथिऑन, म्हणजे फ्रान्सच्या थोरांचं समाधीस्थळ, पाहून तुम्ही विचारलंत की एवढ्या अगडबंब इमारतीच्या भिंतीला एक खिडकी कशी नाही, तुरुंग वाटतो, आणि समाधीस्थळावर क्रूस कसा. खिडक्यांचं बरोबर हेरलंत, पण आर्किटेक्ट सुफ्लोने बांधायला घेतली तेव्हा खिडक्या भरपूर होत्या हो. फ्रान्सचा राजा पंधरावा लुई १७४४ मध्ये मेत्स शहरात मरता मरता वाचला, तेव्हा नवस बोलला होता की बरा झालो तर पॅरिसची रक्षक संत जेनेव्हिएव्ह हिचं मोडकळीला आलेलं चर्च नव्याने बांधीन, ते हे. (नवसाची आठवण निवांत झाली, पायाचा दगड बसला १७६४ ला!)

सुफ्लोला बाहेरून ग्रीक-रोमन देऊळ हवं होतं, पुढे कोरिंथियन (वर पानांची नक्षी असलेल्या) खांबांची रांग वगैरे, पण आतून मध्ययुगीन गॉथिक चर्चसारखं हलकं आणि उजेडाने भरलेलं, म्हणून घुमटाखालचे चार मुख्य खांब त्याने फारच सडपातळ ठेवले. तिथेच वाद पेटला. पियेर पात नावाच्या आर्किटेक्टने १७७० मध्ये चक्क छापून आणलं की हे खांब घुमट पेलणार नाहीत, आणि पुढे तडे गेलेच. पण घोळ जाडीइतकाच कारागिरीचाही होता. सांधा बाहेरून केसाएवढा दिसावा म्हणून दगडाच्या फक्त कडा चोख घडवल्या, आतला भाग खोलगट ठेवून चुन्याने भरला, मग सगळा भार कडांवर आला आणि टवके उडायला लागले. सुफ्लो १७८० लाच गेला, शेवटी त्याच्याच हाताखालच्या रोंदलेने १८०६ नंतर खांब जाड करून घेतले. आज दिसतात ते हे, सुफ्लोचे नव्हेत.

आता खिडक्या. चर्च १७९० ला पुरं होतंय तोवर फ्रेंच क्रांती झालेली. १७९१ मध्ये क्रांतीचा पुढारी मिराबो वारला आणि असेंब्लीने, म्हणजे तिथल्या संसदेने, ठरवलं की देशातल्या थोरांना इथे पुरायचं, म्हणजे चर्चचं पँथिऑन झालं. बदल करायचं काम मिळालं कात्रमेर द कँसीला, त्याने समाधीला गंभीर अंधार पाहिजे म्हणून खालच्या खिडक्या चिणून टाकल्या, दोन घंटाघरंही पाडली. तिकीट काढायच्या आधी बाहेरून एक चक्कर मारा, बाजूच्या भिंतीत चौकटींच्या रेषा अजून ओळखू येतात. वर कठड्यामागे दडलेल्या खिडक्या मात्र शाबूत आहेत, आत जो काय उजेड येतो तो तिथूनच.

क्रूसचं म्हणाल तर मग संगीत खुर्चीच चालली. १८०६ ला नेपोलियनने पुन्हा चर्च केलं, १८३० ला पँथिऑन, १८५१ ला परत चर्च, आणि १८८५ ला व्हिक्टर ह्युगोच्या अंत्ययात्रेच्या वेळी कायमचं पँथिऑन. मधे १८७१ ला पॅरिस कम्युनच्या बंडखोरांनी क्रूसाचे हात कापून तिथे लाल झेंडा लावला होता. आताचा दगडी क्रूस १८७३ चा, म्हणजे चर्च होतं तेव्हाचा, तो नंतर तसाच राहिला.

खिडक्या परत उघडत का नाहीत म्हणालात, तर १८७४ नंतर त्या बुजवलेल्या भिंतींवरच पुव्हि द शाव्हान आणि इतरांची भली मोठी चित्रं लागली, पुव्हिची तर जेनेव्हिएव्हच्या आयुष्यातलीच. खिडकी उघडायची तर चित्र काढावं लागणार, आणि खरं सांगू का, मला तरी ती चित्रंच जास्त आवडतात.