ती रडली नाही, म्हणून मला काळजी वाटली

परदेशात स्थायिक झालेली आणि भारतातून मूल दत्तक घ्यायला निघालेली जोडपी समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात, तोवर त्यांचे कायद्याचे प्रश्न बहुतेक सुटलेले असतात. तिकडच्या एजन्सीने घरी येऊन गृह अध्ययन अहवाल, म्हणजे हे घर मूल दत्तक घ्यायला योग्य आहे का याचा अहवाल, लिहिलेला असतो. केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण, म्हणजे 'कारा'कडे नोंदणी होऊन बराच काळ गेलेला असतो. मुलाचा फोटो आणि वैद्यकीय अहवाल हातात असतो. आता फक्त विमानात बसायचं बाकी असतं, आणि नेमकी तेव्हाच झोप उडते. विचारताना मात्र ते भलतंच काहीतरी विचारतात. खेळणी कुठली आणू? फ्रॉक कितव्या मापाचा घेऊ? संस्थेत पेढे वाटलेले चालतात का? या सगळ्यामागचा खरा प्रश्न एकच असतो: मूल आमच्याकडे आलंच नाही तर?

मीनल आणि अभिजित यांचाही तोच होता. (नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) न्यू जर्सीत राहणारं, चाळिशी ओलांडलेलं जोडपं, आठ वर्षांचा मुलगा निनाद. दोघेही आता अमेरिकेचे नागरिक, म्हणजे कायद्याच्या भाषेत अनिवासी भारतीय नव्हेत. आपल्याकडच्या बाल न्याय कायद्यानुसार 60 दिवसांत भारतीय किंवा अनिवासी भारतीय पालक मिळाले नाहीत, तरच मूल परदेशी दत्तकासाठी मोकळं होतं. भावंडं, पाच वर्षांपुढची मुलं आणि अपंगत्व असलेली मुलं यांना त्यात प्राधान्य मिळू शकतं. त्यामुळे अशा पालकांच्या वाट्याला तान्हं बाळ क्वचितच येतं. यांना विदर्भातल्या एका संस्थेतली चार वर्षांची दुर्गा मिळाली होती. जन्मतः ओठ आणि टाळू दुभंगलेले, दोन्ही शस्त्रक्रिया झालेल्या, बोलणं नाकातून आणि अस्पष्ट. वैद्यकीय बाजू त्यांनी तिकडच्या डॉक्टरांना दाखवून नीट समजून घेतली होती. टाळूच्या दोषामुळे कानात पाणी साठतं, म्हणून लांबच्या विमानप्रवासाआधी कान तपासून घ्यायचे, इतकं बारीकसारीक मीनलच्या यादीत होतं.

यादीत अजूनही बरंच काही होतं. ताबा मिळण्याच्या दिवशी फोटोग्राफर. नागपूरला, अभिजितच्या माहेरघरी म्हणू या हवं तर, हॉल. सासूबाईंचं म्हणणं, "लक्ष्मी घरी येऊन राहिली, अन् हॉल नाही घ्यायचा?" शिवाय नवीन नाव, इरा. अमेरिकेत उच्चारायला सोपं.

मी फोटोग्राफर आणि हॉल दोन्ही खोडायला सांगितलं. नावाबद्दल जरा वाद झाला. तान्ह्या बाळाचं नाव बदललं तर त्याला कळत नाही. चार वर्षांच्या मुलीला स्वतःचं नाव पक्कं ठाऊक असतं. टाळूमुळे ते तिच्या तोंडून 'नुन्ना' असं ऐकू येत असलं, तरी नाव विचारलं की ती तेच सांगत होती. गाव, खोली, अंथरूण, जेवण, माणसं, सगळं एकाच आठवड्यात बदलणार असताना नावही काढून घ्यायचं का? अभिजित म्हणाले, "तिथल्या मुलांना म्हणता येणार नाही." मी म्हटलं, शिकतील. त्यांनी दुर्गाच ठेवलं.

मग आम्ही दुसरी यादी केली, संस्थेला विचारायच्या प्रश्नांची. तिला रात्री झोपवतं कोण? थोपटून झोपते की एकटी? अंघोळ सकाळी की संध्याकाळी, साबण कोणता? वरण-भात कालवून लागतो की वेगवेगळा? कशाला घाबरते? ती ज्या चादरीवर झोपते ती चादर न धुता देता येईल का? (ही विनंती ऐकून संस्थेतल्या ताई आधी ओशाळल्या, जुनी चादर परदेशी पाहुण्यांना कशी द्यायची, असं त्यांना वाटलं.) इकडून घरच्यांच्या फोटोंचा छोटा अल्बम पाठवला आणि मीनलच्या आवाजात रोज ऐकवायच्या दोन-तीन ओळी. मुलाची तयारी संस्थेच्या माणसांनी करायची असते आणि चांगल्या संस्था ती करतातही, पण त्यांच्या हातात काही साहित्य तर द्यायला हवं.

निनादची तयारी त्याला नको तेच सांगून करावी लागली. घरात त्याला सांगितलं होतं, "तुझ्याशी खेळायला बहीण येतेय." मी त्याला व्हिडिओ कॉलवर सांगितलं की ती बहुधा खेळणार नाही. कदाचित चावेल, तुझी गाडी मोडेल आणि आईच्या मांडीवर बसून उठायचंच नाव घेणार नाही. त्याने इंग्रजीत विचारलं, "मग आणताय कशाला?" प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर आईबाबांनी द्यायचं असं ठरलं.

जानेवारीत ते नागपूरला आले. दत्तक आदेश, पासपोर्ट, 'कारा'चं प्रमाणपत्र, दिल्लीत अमेरिकी दूतावासात व्हिसा, असे टप्पे होते. ताबा मिळाला त्या दिवशी दुपारीच अभिजितचा संदेश आला: "मॅडम, एकदम स्मूथ! मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही तिने." सोबत फोटो. फोटोत दुर्गा हसत होती, हातात बिस्किटाचा पुडा.

मी अभिनंदन कळवलं आणि सोबत एवढंच लिहिलं की पुढचे काही दिवस कुठलेही कार्यक्रम ठेवू नका.

पुढचे तीन दिवस ती शहाण्यासारखी वागली. ताटात वाढलेलं सगळं संपवलं. झोप म्हटलं की डोळे मिटले. उचललं की उचलू दिलं, खाली ठेवलं की उभी राहिली. शेजारच्या काकू आल्या तर त्यांच्याही कडेवर गेली आणि त्यांना पापी दिली. आजी खूश झाल्या. "किती लवकर रुळली पोरगी!" मीनललाही हायसं वाटलं. माझी काळजी तेव्हाच वाढली होती.

1950च्या सुमारास ब्रिटनमध्ये जेम्स रॉबर्टसन यांनी रुग्णालयात आईवडिलांशिवाय ठेवलेल्या लहान मुलांचं बारकाईने निरीक्षण केलं. तेव्हा भेटीच्या वेळा फार कडक असत. मुलं आधी आकांत करत, मग मलूल होत आणि मग गप्प, हसरी, कुणाकडेही जाणारी होत. परिचारिका म्हणत, आता रुळलं हो. रॉबर्टसन आणि त्यांचे सहकारी जॉन बोल्बी यांचं म्हणणं होतं की हे रुळणं नव्हे. हाक मारून उपयोग नाही हे मुलाला कळलं आहे, एवढाच त्याचा अर्थ. पुढे रुग्णालयांचे नियम बदलण्यात या कामाचा मोठा वाटा होता. दत्तक घरात मात्र आजही शांत मूल दिसलं की पेढे वाटले जातात.

पाचव्या दिवशी अंघोळीच्या वेळी दुर्गाने भोकाड पसरलं. साबण तोच होता, पाणी कोमट होतं. फक्त मीनलने केसांवर पाणी ओतताना तिच्या कपाळावर आडवा हात धरला नाही. संस्थेतल्या लतामावशी धरत असत. (हे नंतर विचारल्यावर कळलं.) दोन तास ती लतामावशीला हाका मारत रडली. मीनल जवळ घ्यायला गेल्यावर ती ओरडली, "मले नाही पायजे." तेवढे शब्द मात्र सगळ्यांना स्पष्ट कळले.

रात्री मीनलचा फोन आला. "ताई, तिला मी नको आहे. कायद्याने झाली माझी, पण तिला नकोय. चुकलं का आमचं?"

मी तिला म्हटलं, आज पहिल्यांदा तिने तुमच्यासमोर रडायची हिंमत केली. ज्या मुलीला कुणासाठी दोन तास रडता येतं, तिला माणसाशी नातं जोडता येतं. लतामावशींनी तिला ते शिकवलं. तुमच्यासाठी याहून चांगली बातमी नाही. खरी अडचण कुणासाठीच न रडणाऱ्या मुलांची असते. तिला गप्प करू नका, चॉकलेट देऊ नका, "आता मीच तुझी आई" हे वाक्य तर आठवडाभर उच्चारूच नका. शेजारी जमिनीवर बसा आणि म्हणा, "लतामावशीची आठवण येतेय ना, खूप येतेय." ती ढकलेल. ढकलू द्या. पण खोलीबाहेर जाऊ नका.

लतामावशींशी फोनवर बोलू द्यायचं का, यावर या क्षेत्रात दोन मतं आहेत. काही जण म्हणतात, संपर्क तोडला की मूल लवकर रुळतं. मला ते पटत नाही. कुणी मेलेलं नसताना मेल्यासारखं करायचं कशाला? आम्ही एक छोटा व्हिडिओ मागवला. लतामावशी त्यात म्हणाल्या, "दुर्गे, आता आईजवळ राहायचं. आईला सांगितलंय मी, डोळ्यांत पाणी जाऊ द्यायचं नाही." दुर्गाने तो पुन्हा पुन्हा पाहिला, रडली, आणि नंतर मीनलच्या पायाला पाठ लावून झोपली. तोंड भिंतीकडेच होतं.

अभिजितची अडचण वेगळी होती. ते खोलीत आले की दुर्गा पलंगाखाली जायची. हौशी बाप, अमेरिकेहून बाहुल्या घेऊन आलेला. फार लागलं त्यांना. मी विचारलं, संस्थेत पुरुष किती? आठवून म्हणाले, गेटवरचा वॉचमन. आणि डॉक्टर. म्हणजे या मुलीच्या चार वर्षांत तिच्या अगदी जवळ आलेला पुरुष म्हणजे सुई टोचणारा किंवा तोंड उघडायला लावणारा. संस्थांमध्ये सांभाळायला बायकाच असतात, त्यामुळे दाढी, जाड आवाज, उंच माणूस यांना घाबरणारी मुलं मी सतत पाहते. वडिलांनी मागे लागायचं नाही. खाली बसायचं, बाजूला पाहत बसायचं, आवाज उतरवायचा. आणि आईने प्रत्येक वेळी "थांब, मी सोडवते" म्हणून तिला बाबांपासून वाचवायला धावायचं नाही.

यातून वाट काढली ती आजींनी, आणि तीही माझ्या सल्ल्याशिवाय. हॉल रद्द झाल्यावर त्या दोन दिवस फुगून होत्या. मग एका दुपारी तुरीच्या ओल्या शेंगांचा ढीग घेऊन ओसरीवर बसल्या, सोल्यांची आमटी करायची म्हणून. दुर्गा येऊन बसली. संस्थेत तिने मावशांबरोबर बसून शेंगा सोलल्या असणार, कारण बोटं सराईत चालत होती. अभिजितही पाठमोरे बसून सोलायला लागले. काही वेळाने तिने आपल्या सोललेल्या दाण्यांची मूठ त्यांच्या ताटलीत टाकली. त्यांनी "थँक यू" म्हटलं नाही, उचलून घेतलं नाही, फोटो काढला नाही. मला फोनवर हे सांगताना मात्र त्यांचा आवाज जागेवर नव्हता.

त्याच दिवसांत नातेवाइकांची ये-जा सुरू झाली. "किती मोठं पुण्य केलंत!" हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. मुलगी समोर उभी असते, तिला सगळं कळतं. उपकाराच्या घरात कुठल्या मुलाला हट्ट करता येईल? दुसरा प्रश्न हळू आवाजात येतो, "कुणाची असेल हो?" तिच्या कागदांत जे काही आहे ते तिचं आहे. ते सासूबाईंनाही सांगायचं नाही, असं मी स्पष्ट सांगते. ती मोठी होईल तशी तिच्या वयाला झेपेल अशा शब्दांत तिला आधी कळायला हवं, चुलत आत्याकडून नव्हे.

अमेरिकेला पोचल्यावरचं थोडक्यात सांगते. तिकडे मोठ्या कंपन्यांत दत्तक मूल आल्यावर बारा आठवड्यांची बिनपगारी रजा कायद्याने मिळते. दोघांनी ती एकापाठोपाठ घेतली. पहिले काही महिने भरवणं, न्हाऊ घालणं, झोपवणं फक्त आईबाबांनी करायचं असं ठरलं होतं. मराठी मंडळाच्या कार्यक्रमांना नाही म्हटल्यावर लोक रागावले. दुर्गा उशीखाली पोळीचे तुकडे साठवायची. तिला झाकणाचा डबा दिला, त्यात रात्री काहीतरी असेलच असा नियम केला. डबा अजून आहे, पण ती हल्ली उघडत नाही. घरात मराठी बोललं जातं हे तिचं नशीब. निनादला मात्र मराठीत उत्तर द्यावं लागायला लागलं, कारण भांडण जिंकायचं तर तिला कळायला हवं. वाचा उपचारही सुरू आहेत.

परदेशी दत्तकात पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी अहवाल पाठवायचे असतात. पहिल्या अहवालाआधी मीनल घाबरली होती, चावल्याचं लिहायचं का? लिहा, म्हटलं. परीक्षा तुमची नाही. अडचण लिहिली तर मदत मागता येते.

गेल्या आठवड्यात नवा प्रश्न आला. दिवाळीला नागपूरला जायचं आहे, तर दुर्गाला संस्थेत नेऊन लतामावशींना भेटवू का? मी म्हटलं, भेटवा, पण संस्थेत नको. लतामावशींना घरी जेवायला बोलवा. वर्षही झालेलं नाही. ते गेट दिसलं तर परत सोडायला आणलं असं तिला वाटू शकतं. निघण्याआधी जाण्याची चार आणि येण्याची चार तिकिटं छापून तिच्या हातात द्या आणि निनादला मोजायला सांगा. मीनल म्हणाली, "तिकिटं फोनमध्येच असतात हो ताई." म्हटलं, या वेळी छापा.