‘शंकू-साखळी’तला शंकू कोणता?

प्रश्न असा: जमिनीच्या जुन्या मोजणीला ‘शंकू-साखळीची मोजणी’ म्हणतात, त्यातला शंकू म्हणजे काय, आणि त्या मोजणीतली एक साखळी किती फुटांची?

शंकू म्हणजे जमिनीत ठोकायचे निमुळते खुंट, हा खुलासा इतक्या ठिकाणी छापला गेलाय की लोकांना तो पाठ झालाय. तो चूक आहे. साखळीचं टोक पडेल तिथे रोवतात त्या लोखंडी सळया, आणि त्या फक्त किती साखळ्या झाल्या याचा हिशेब राहावा म्हणून. मोजणीतला शंकू म्हणजे क्रॉस स्टाफ: खाली लोखंडी अणी बसवलेला, साधारण छातीइतका उंच दांडा, आणि त्याच्या माथ्यावर एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या दोन चिरा. निमुळतेपणाचा इथे काही संबंध नाही. शंकूचं काम लंब काढणं.

साखळी दोन निशाणांच्या मध्ये सरळ रेषेत टाकायची. शेताचा कोपरा बाजूला समोरासमोर आलासा वाटला की तिच्यालगत शंकू उभा रोवायचा. एका चिरेतून पुढचं निशाण दिसलं पाहिजे, तिच्यातूनच उलट बाजूने मागचं. मग दांडा न हलवता दुसऱ्या चिरेतून कोपऱ्यावरची काठी बघायची. चिरेत आली नाही तर शंकू हातभर पुढे, टीचभर मागे. बसली की साखळीवरचा आकडा आणि तिथून कोपऱ्यापर्यंतचा लंब, हे दोन आकडे टिपणात लिहायचे. शेताचे असे काटकोन त्रिकोण आणि समलंब चौकोन पडतात, क्षेत्र निव्वळ गुणाकाराने निघतं. त्या दप्तराचं नावच गुणाकार बुक.

‘संस्कृत कोशात शंकु म्हणजे खुंटी, म्हणून मोजणीतही खुंटीच’ असं म्हणणाऱ्यांनी कोशातला पहिलाच अर्थ उचललाय. तो अर्थ जुना आहे, खरा आहे; ऋग्वेदात कालचक्राला ठोकलेल्या ३६० खुंट्यांना शंकूच म्हटलंय. पण त्याच नोंदीत पुढे सावली मोजायचा उभा दांडाही आहे, आणि आपला शंकू तिथून आलाय. शाळेच्या भूमितीतला शंकू आठवून जे अर्थ लावतात, त्यांनी लीलावती उघडावी. भास्कराचार्यांनी ११५०मध्ये ज्या घनाकृतीचं घनफळ समखाताच्या (तोंड-तळ सारखे असलेल्या खड्ड्याच्या) एक तृतीयांश सांगितलं, तिला ते ‘सूची’ म्हणतात. ‘शंकु’ त्यांच्याकडे छायाव्यवहारात, म्हणजे सावलीच्या गणितात, येतो, बारा अंगुळांचा, सावली पाडणारा. आज आपण ज्याला शंकू म्हणतो ती त्यांची सूची, आणि त्यांचा शंकू म्हणजे सरळसोट काठी.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. कात्यायन शुल्बसूत्र या यज्ञवेदी आखायच्या जुन्या ग्रंथात दिशा काढायची रीत दिली आहे. सपाट जमिनीवर शंकू रोवा. त्याच्या उंचीइतक्या दोरीने त्याच्याभोवती वर्तुळ काढा. सकाळी आणि दुपारनंतर सावलीचं टोक वर्तुळाला जिथे जिथे टेकेल तिथे एकेक खुंट ठोका. दोन्ही खुंटांतून जाणारी रेषा म्हणजे पूर्व-पश्चिम. मग त्या दोन खुंटांना दुहेरी दोरीची टोकं अडकवून मधून ताणली की दक्षिणोत्तर मिळते. म्हणजे एका काठीने आणि एका दोरीने जमिनीवर बिनचूक काटकोनाची फुली पडते. शुल्ब म्हणजे दोरीच. शंकू आणि दोरी, शंकू आणि साखळी: जोडी तीच आहे, आणि कामही तेच, जमिनीवर काटकोन उतरवणं. क्रॉस स्टाफला मराठीत शंकू म्हणणाऱ्याच्या डोक्यात ही फुलीच होती, असं माझं ठाम मत आहे. आकारावरून नाव द्यायचं असतं तर ‘फुलीकाठी’ म्हणाले असते.

सावलीच्या दांड्यावरून काटकोनाकडे ही उडी एकट्या मराठीची नाही, म्हणून तर मत ठाम आहे. ग्रीकांचा ‘ग्नोमोन’ म्हणजे सावलीचा दांडा, आणि तोच शब्द सुताराच्या काटकोनी पट्टीलाही. रोमन मोजणीदार ज्या फुलीवरून ओळंबे सोडून शेतं आखायचे ती ‘ग्रोमा’. तिचं नाव बहुतेक अभ्यासक ग्नोमोनपर्यंतच नेतात. आपला गवंडी भिंत ‘गुण्यात’ आहे का बघतो तो गुण्या फारसी गोनियातून आला, आणि गोनिया ‘कोन’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून.

शंकू खरा की खोटा हे वापरण्याआधी बघावं. लाकूड वाळलं, पिळलं की चिरा काटकोनात राहत नाहीत. एका चिरेतून लांबची काठी धरा, दुसऱ्या चिरेच्या रेषेत दुसरी काठी रोवा. मग माथा पाव फेरा वळवून दुसरी चीर पहिल्या काठीवर आणा. आता पहिल्या चिरेत दुसरी काठी दिसली पाहिजे. जितकी बाजूला दिसेल त्याच्या निम्मा शंकूचा दोष. एक अंशाचा दोष ३३ फुटांच्या लंबाचा पाया सात इंचांनी सरकवतो. लंब चार साखळ्यांचा, म्हणजे १३२ फुटांचा, घेतला तर तो सव्वादोन फुटांपेक्षा जास्त सरकतो, म्हणजे एका आण्याच्याही (साखळीच्या सोळाव्या भागाच्याही) वर. लंब आखूड ठेवायचे ते यासाठी.

राहिली साखळी. आपल्याकडची ३३ फुटांची, तिचे १६ आणे. एक आणा पावणेपंचवीस इंचांचा. साखळी गुणिले साखळी म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजेच एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. इंग्रज गणिती गंटरने १६२०च्या सुमारास आणलेली साखळी ६६ फुटांची, शंभर कड्यांची. जुन्या टिपणातली ‘साखळी’ ६६ फुटांची धरली की क्षेत्र थेट चौपट होतं, आणि ही चूक सर्रास होते. दुसरी गल्लत आण्याची. लांबीचा आणा साखळीचा सोळावा भाग, क्षेत्राचा आणा गुंठ्याचा सोळावा भाग, म्हणजे ६८ चौरस फुटांच्या आसपास. आणे गुणिले आणे केलं की क्षेत्राचे आणे मिळत नाहीत. गुणाकाराला आणखी १६ने भागावं लागतं.

आणि वापराने कड्या उघडून साखळी लांबते तेव्हा मोजणी जास्त नाही, कमी भरते. ३३ फूट ४ इंच झालेल्या साखळीने ४० गुंठे भरलेलं शेत खरं ४० गुंठे १३ आण्यांचं असतं.