आधी गोळ्यांची पिशवी, मग सुई

सांगली

सप्रेम आशीर्वाद.

मिरजेत ॲक्युपंक्चरची ओपीडी सुरू करते आहेस आणि लकव्याचे पेशंट घ्यायचे म्हणते आहेस, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मिरज-सांगलीत सीटी, एमआरआय, न्यूरोचे डॉक्टर सगळे हाताशी आहे, त्यामुळे पेशंट फाईल घेऊनच येईल. पण फाईल डिस्चार्जच्या दिवशीची असते. घरात आज काय चालू आहे, ते तिच्यात नसते. डॉक्टरांची गाठ महिन्या-दोन महिन्यांनी पडते. तुझ्यासमोर मात्र तो आठवड्यातून तीनदा अर्धा-अर्धा तास पडून असणार. लकव्यात सुई ही औषधांच्या जोडीची आहे, आणि त्या जोडीतले औषध घरी नीट चालले आहे का, हे तुझ्याइतके कोणाला दिसणार नाही.

म्हणून पहिल्या दिवशी गोळ्यांची पिशवी मागव. चिठ्ठी नको, अर्धवट पट्ट्यांसकट पिशवी. उरलेल्या गोळ्या मोज, मग खरे कळते. गुठळीच्या झटक्यात साधारण गुठळी रोखणारी ॲस्पिरिन ७५ किंवा १५० मिलिग्रॅम नाहीतर क्लोपिडोग्रेल ७५, कोलेस्टेरॉलची ॲटोर्वास्टॅटिन ४० किंवा ८० आणि बीपीची गोळी सापडायला हवी. सौम्य झटक्यानंतर ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेल दोन्ही बहुधा २१ दिवस देतात आणि पुढे एकच ठेवतात. लोक कधी दोन्ही वर्षभर चालू ठेवतात, कधी हात उचलायला लागला की दोन्ही बंद. झटका रक्तस्रावाचा असून पिशवीत ॲस्पिरिन दिसले, तर ते कोणी दिले हे विचार. तू गोळी बदलायची नाहीस, त्याच दिवशी त्यांच्या डॉक्टरांना फोन करायचा.

पिशवीत वॉरफेरिन किंवा ॲसिनोकुमेरॉल ही रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ताजा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा रिपोर्ट, पाहिल्याशिवाय सुई उघडू नकोस. बहुतेकांचा तो २ ते ३ मध्ये ठेवतात. वर गेला असेल किंवा महिनाभरात तपासलाच नसेल, तर त्या दिवशी फक्त बीपी बघून घरी पाठव. मेथी-पालक कधी रोज, कधी महिनाभर नाही, असे झाले तरी तो हलतो. डॅबिगॅट्रान, ॲपिक्सॅबान या रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्यांचा परिणाम मात्र आयएनआरमध्ये धड दिसत नाही, तेव्हा 'रिपोर्ट नॉर्मल आहे' यावर विसंबू नकोस. अशा सगळ्यांना ०.२५ × २५ मिलिमीटरची सुई, उथळ, आणि काढल्यावर कोरड्या कापसाने दोन-तीन मिनिटे दाबून धरायचे. कृत्रिम झडप असलेला पेशंट हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय घेऊच नकोस.

सुई लावायचे बिंदू तुला त्यांच्या क्रमांकांसकट पाठ आहेत: हाताला एलआय-१०, एलआय-११, टीई-५, पायाला एसटी-३६, जीबी-३४, डोक्यावर जीव्ही-२० आणि लुळ्या अंगाच्या विरुद्ध बाजूची मोटर रेषा, म्हणजे हालचालीच्या भागावरची टाळूची रेषा. वीस ते तीस मिनिटे पुरे. चूक होते ती ताठरपणात. कोपर वाकलेले, मूठ आवळलेली, आणि आपण तळहाताच्या बाजूच्या स्नायूंत सुई जोरात फिरवतो. मूठ आणखी आवळते. माझ्या मते तिथे सुई मनगटाच्या पाठच्या बाजूला, हात उघडणाऱ्या स्नायूंतच असावी. सुयांतून करंट द्यायचा तर २ हर्ट्झ, बोट जेमतेम हलेल इतका. पेसमेकर असेल तर करंट नाहीच. बधिर बाजूला चटका बसलेला कळत नाही, म्हणून तिथे मोक्सा (वाळलेली वनस्पती जाळून दिलेली ऊब) नको, शेकही नको. बोलता न येणाऱ्या पेशंटशी चांगल्या हाताची खूण आधीच ठरव. सुया लावताना मोज, काढताना मोज.

सुईनंतर अंग सैल पडते आणि घरचे म्हणतात, आता ताठरपणाची गोळी कशाला? त्यातले बॅक्लोफेन एकदम तोडले तर भास होतात, फिट येते. ते डॉक्टरांनी हळूहळूच उतरवायचे. ताठरपणाचीच दुसरी गोळी, टिझॅनिडिन, तिने बीपी उतरते आणि झोप येते, त्यात उपाशी पोटी सुई लावली की पेशंट गरगरतो. जेवूनच यायला सांग, आडवे ठेवूनच सुई लाव, उठवताना पाच मिनिटे कडेला बसव. लघवीच्या इन्फेक्शनला कोणी सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक दिले असेल तर लगेच कळव; टिझॅनिडिनबरोबर ते चालतच नाही, बीपी धोकादायक खाली जाते. खांदा दुखतो म्हणून मेडिकलमधून आणलेले डायक्लोफेनॅक हे वेदनाशामकही पिशवीत हमखास निघेल. ॲस्पिरिनवर ते घेतले की पोटात रक्तस्राव होऊ शकतो. काळी शौच होते का, संकोच न करता विचार.

तासगावकडच्या पेशंटचे वेगळेच. द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी लागली की पेशंटला आणणारा मुलगा बागेत अडकतो. सुईची पाळी चुकली तर चालेल, पण गोळ्या आणणाराही तोच असतो. छाटणीआधी महिनाभराच्या गोळ्या घरात आहेत का, ते बघ. बीपी विनाकारण वाढलेले दिसले तर भडंग आणि लोणच्यातल्या मिठाची चौकशी कर. कबुतराच्या रक्ताने मालीश चालू आहे का, हेही न हसता विचार. हसलीस तर पुढचे काही सांगणार नाहीत.

गुण किती येईल, हे विचारतीलच. लकव्यातल्या ॲक्युपंक्चरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०१६ च्या कोक्रेन आढाव्यात ३१ चाचण्या, २२५७ पेशंट होते. काही फायदा दिसला, पण अभ्यासांचा दर्जा कच्चा. तेवढेच सांग. फिजिओथेरपी सोडून सुई, असा सौदा करणाऱ्याला परत पाठव.

आणि झटका आल्यावर बोटांच्या टोकांना सुई टोचून रक्त काढा, हा व्हॉट्सॲपवरचा मेसेज तुलाच दाखवतील, कारण सुईवाली तू. त्याने काही होत नाही, वेळ मात्र जातो. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन बहुधा साडेचार तासांच्या आतच देतात, तेही सीटीनंतर. तुझ्या टेबलावर कोणाचे तोंड वाकडे झाले किंवा बोबडी वळली, तर सुया काढ, १०८ ला फोन लाव आणि तो शेवटचा ठीक किती वाजता होता ते कागदावर लिहून सोबत दे. तोंडात पाणी नाही, ॲस्पिरिनही नाही.

कळावे.